वलंदेजाची गाय

दाऊद भंडारींनी मला फसवलं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. अल-खोबरच्या ऑफिसात सांगितलं, साताऱ्याला भावकीत सांगितलं, बायकोला तर इतक्यांदा सांगितलं की त्या माणसाला न बघताच तिला त्यांचा राग होता. ते खोटं आहे. त्यांनी मला कधी फसवलं नाही. मी त्यांना फसवलं, आणि त्यात पैशाचा संबंध नव्हता. पैशाचं असतं तर घासाघीस करून का होईना, मी ते केव्हाच मिटवलं असतं.

'भंडारी' हे त्यांचं आडनाव नव्हे. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. कॅम्पातल्या आमच्या घाटावरच्या पोरांना ती जात वाटायची आणि मुसलमान माणूस भंडारी कसा, यावर त्यांचे वाद व्हायचे. दाऊदचाचा ते वाद मिटवत नसत. पातेल्याखालची आच कमी करून मजेत ऐकत बसत.

ते वेंगुर्ल्याचे. तिथे डच लोकांची जुनी पडकी वखार आहे, तिच्या भिंतींवर लहानपणी त्यांनी बकऱ्या चारल्या होत्या. आपण डच म्हणतो, ते 'वलंदेज' म्हणत. त्यांच्या तोंडात तो शब्द असा यायचा, की जणू ते लोक काल संध्याकाळपर्यंत तिथेच होते आणि मीठ मागायला घरी येत होते. पुढे सौदीतल्या जुबैलचं बंदर बांधायला घेतलं तेव्हा समुद्राचा गाळ उपसणारं एक डच जहाज आलं, त्यावर चाचा भंडारी म्हणून लागले. बंदर झालं, जहाज गेलं, चाचा राहिले. मी जुबैलला मजूर पुरवणाऱ्या कंपनीचा कॅम्प सांभाळायला आलो तेव्हा ते आमच्या मेसमध्ये होते. डोक्याला निळी लोकरी टोपी, जहाजावरची. उन्हाळ्यातही काढत नसत. केस किती उरलेत ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी स्वतःबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुढे लागेल. मी दहावी नापास. इंग्रजी शिकलो ते बिलांवरून. कांद्याच्या गोणीपासून क्रेनच्या भाड्यापर्यंत ज्याचा भाव मी पाडला नाही अशी वस्तू जुबैलमध्ये नव्हती. डोकं तापट. कोणी हसलेलं मला चालत नाही. अजूनही चालत नाही.

चाचांना शब्दांचा नाद होता. आटा ठेवायच्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूने ते खडूने शब्द लिहीत. चौथी शिकलेले, पण अक्षर मोत्यासारखं. मासा आला की आधी त्याचं नाव व्हायचं: वेंगुर्ल्याला काय म्हणतात, मलबारी काय म्हणतात, अरब काय म्हणतात, वलंदेज काय म्हणतात. मग सुरी. आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणाकडून मिळाला ते लिहिलेलं. 'यान, ड्रेजर.' 'अबू सालेम, होडीवाला.' 'कुट्टी, वेल्डर.' मी एकदा म्हटलं, शब्द ऐकला तो आपला झाला, माणसाचं नाव कशाला? ते म्हणाले, "शब्द उसनो असता रे जाधवा. कोणाकडसून आणलंय ता सांगूक होया. नायतर ती चोरी."

मी हसलो होतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूची चोरी कशी होते, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

वलंदेजांवर त्यांचा एक लाडका सिद्धांत होता. हे लोक भारी आळशी, असं ते म्हणत. अंगणात, गोठ्यात जे दिसेल त्याच्यापुढे 'झे' लावायचं आणि ते पाण्यात ढकलायचं. झे म्हणजे दर्या. होंड म्हणजे कुत्रा, म्हणून सील म्हणजे झेहोंड. पार्ड म्हणजे घोडा, तर पाण्यातला तो बोटाएवढा घोडा झेपार्ड. आणि कू म्हणजे गाय, म्हणून झेकू. समुद्रगाय. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मी ऐकतच नव्हतो, मान हलवत होतो.

झेकूवर त्यांचा विशेष जीव. शुक्रवारी सुट्टी असली की ते अबू सालेमच्या होडीतून जुबैलच्या वर एका उथळ खाडीत जात. तिथे तळाशी समुद्री गवत आहे आणि त्या गवतावर समुद्रगायी चरायला येतात. करड्या, म्हशीएवढ्या, सुस्त. श्वास घ्यायला नाकपुड्या वर, की पुन्हा खाली. त्यांच्यात एकीच्या शेपटीचा कोपरा तुटलेला होता, बहुतेक एखाद्या होडीच्या पंख्याने. तिला चाचा 'फाटकी' म्हणत. फाटकीला पिल्लू होतं. शनिवारी सकाळी मेसमध्ये चहाबरोबर फाटकीची खबर मिळायची: काल आली, काल नाही, पिल्लू आता आईच्या पाठीवर बसत नाही, मोठं झालं.

एका फिलिपिनो फोरमनने एकदा सांगितलं की ह्याच प्राण्याला जुने खलाशी जलपरी समजत. चाचांनी त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाले, "इतके म्हयने बाई दिसली नाय काय माणूस म्हशीक पण परी म्हणता. त्यापरीस गाय म्हणणारो शाणो."

आणि त्या 'कू'बद्दलची गोष्ट. जहाजावरच्या यान नावाच्या इंजिनियरने त्यांना सांगितलं होतं की वलंदेजांचं 'कू' आणि आपलं 'गो', गोठ्यातलं, गोमातेतलं, हे एकच. फार जुन्या काळी एकच शब्द होता. काही लोक इकडे आले, काही तिकडे गेले, आणि शब्दही दोन झाले. चाचा हे सांगताना दोन्ही हातांची एकेक करंगळी वर करत. "आवस एकच. लेकी दोन. एक वेंगुर्ल्याक दिली, एक वलंदेजांत." मग न चुकता: "ह्यां माका यानान सांगितल्यान हां. माझा नाय."

मग ते वर्ष आलं. एक्क्याण्णव, आखातातल्या लढाईचं.

जुबैलमध्ये आम्ही भोंगे ऐकले, गॅसचे मुखवटे घालून बसलो, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. अर्धी पोरं घरी पाठवा म्हणून रडत होती. कफील, म्हणजे आम्हाला आणणारा अरब मालक, म्हणायचा, यल्ला, चला, काम. उत्तरेकडे खफजी गाव रिकामं झालं होतं. मेंढ्या, उंट मोकाट रस्त्यावर फिरत होते. आणि मग समुद्रावरून तेल आलं. काळं, जाड, डांबरासारखं. किनारा साफ करायचं काम निघालं, त्यात आमच्या कंपनीला मजूर पुरवायचे होते. रोज एक फॉर्म भरायचा: किती मीटर साफ झालं, किती पिंपं भरली, आणि कुठले मेलेले प्राणी सापडले. फॉर्म मी भरायचो.

चाचा दुपारचं जेवण घेऊन किनाऱ्यावर जात. एके दिवशी वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला. खरखर फार होती.

"जाधवा, झेकू मेली रे."

"काय मेली?"

"गाय. वलंदेजाची गाय. किनाऱ्याक लागली हा."

मला वाटलं, कळलं. तिकडे रियाधच्या बाजूला मोठमोठ्या डेअऱ्या आहेत. त्यांच्यातल्या काळ्या-पांढऱ्या गाईंना आमची पोरं डच गाय म्हणत. युद्धात कुठल्यातरी गोठ्याचं दार उघडं राहिलं असेल, एखादी गाय भरकटून समुद्रात गेली असेल. मी फॉर्मवर लिहिलं: गाय, डच, एक. आणि तातडीने जनावरांच्या सरकारी डॉक्टरला कळवलं, कारण मेलेल्या गुराचा नियम वेगळा होता.

डॉक्टर आला. दोरखंडवाला ट्रक आला. अल-खोबरच्या मोठ्या ऑफिसातले तिघे आले. मी पुढे होऊन त्यांना वाळूत घेऊन गेलो. तिथे तेलाने माखलेलं ते करडं धूड पडलं होतं, ना शिंग, ना खूर. शेजारी चाचा गुडघ्यांवर बसून रॉकेलच्या फडक्याने त्याची शेपटी पुसत होते. सौदी डॉक्टरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या फॉर्मकडे, आणि म्हणाला, "बगर अल-बहर." म्हणजे समुद्रगायच. अरबीतही तेच. मग तो हसायला लागला. मग सगळे हसले.

चाचा हसले नाहीत. त्यांनी शेपटीचे दोन्ही कोपरे साफ करून पाहिले आणि माझ्याकडे वळून, जणू मी त्याचीच वाट बघत असेन अशा आवाजात, म्हणाले, "फाटकी नव्हे ही. शेपटी पुरी आसा."

मला त्या क्षणी त्यांना वाळूत गाडावंसं वाटलं.

त्यानंतर मी ऑफिसात गेलो की इजिप्शियन कारकून विचारायचा, जाधव, आज हलीब किती लिटर? हलीब म्हणजे दूध. महिनाभर विचारत होता. इतर कंपन्यांचे लोकही विचारायला लागले. मी ठरवलं की चाचांनी मुद्दाम केलं. मला, घाटी माणसाला, समुद्रातलं काही कळत नाही हे जगाला दाखवायला केलं. ते कधीकधी चिडवत, "घाटावरल्यांका पाणी म्हणजे हिरीतला." ते मला आठवायला लागलं. मी त्यांचं किनाऱ्यावर जाणं बंद केलं. मेसमध्ये राहा म्हटलं. ते राहिले. एकदाच विचारलं, जेवण कोण नेणार? मी म्हटलं, दुसरा कोणी. ते बरं म्हणाले.

लढाई थांबल्यावर प्राण्यांची मोजदाद करायला काही शास्त्रज्ञ आले. त्यांच्यात विलेम म्हणून एक डच डॉक्टर होता. उंच, उन्हाने लाल झालेला, सभ्य. त्याला समुद्रगायी शोधायच्या होत्या: किती मेल्या, किती उरल्या, कुठे चरतात. त्यासाठी किनारा जाणणारा एक माणूस हवा होता. ज्याला तो नावाने मागेल त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, एक वर्ष वाढवून मिळेल, असं मोठ्या ऑफिसने कळवलं होतं.

चाचांचा इकामा त्याच महिन्यात संपत होता. साठी उलटली होती आणि कफीलला म्हातारे नको होते. ही संधी त्यांच्यासाठीच बनली होती. ते माझ्या खोलीत आले. आयुष्यात पहिल्यांदाच उभं राहून बोलले. म्हणाले, एक वर्ष मिळालं तर फाटकी जगली की नाही तेवढं बघून घेतो. मग घरी जातो. "साहेबाक माझा नाव सांग. बाकी काय नको."

मी म्हटलं, सांगतो.

आणि मग मी जे केलं ते माझ्या धंद्यातलं आहे. ज्याचा माल हवा त्याला आपली गरज दाखवायची नाही. मी वही काढली आणि म्हटलं, साहेबाला आधी कागद द्यावा लागेल, सगळं नीट सांगा. त्यांनी विश्वासाने सांगितलं. खाडी कुठली, तोंडाशी खडक कुठे, गवत कोणत्या बाजूला, होडीचं इंजिन कुठे बंद करायचं. केव्हा जायचं तेही. "उधाणाक जावा. भांगाक नको." मी लिहून घेतलं. उधाण म्हणजे खवळलेला समुद्र, हे मला माहीत होतं. साताऱ्यातही पेपरात येतं. भांग मला एकच माहीत होती, शिवरात्रीची. मनात म्हटलं, म्हातारा चळला. विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा घाटी ठरलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलेमसमोर मी बसलो आणि वही न उघडता बोललो. खाडी सांगितली, खडक सांगितले. मग म्हटलं, तुमचं झेकूमधलं कू आणि आमचं गो, एकाच आईच्या दोन मुली. करंगळ्यासुद्धा वर केल्या.

विलेमने पेन खाली ठेवलं. त्याला इतका आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही. त्याने सांगितलं की त्याच्या लोकांनी आफ्रिकेच्या टोकाला पोचल्यावर तिथल्या पाणघोड्यालाही हाच शब्द देऊन टाकला होता. एकाला घोडा दिसतो, एकाला गाय, असं मी म्हटलं, आणि तो खळखळून हसला. या वेळी कोणी मला हसत नव्हतं. माझ्याबरोबर हसत होतं. त्याने विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

मी म्हटलं, आमच्या घरात संस्कृतची परंपरा आहे.

आमच्या घरात चार म्हशी आणि एक पंचांग होतं.

तेवढ्यात चाचा चहा घेऊन आले. ट्रे ठेवताना त्यांनी विलेमला डच भाषेत सुप्रभात म्हटलं, घशातून ख काढून, अगदी जहाजावर म्हणत तसं. विलेम चमकला. हे कोण, असं त्याने मला विचारलं. चाचा ट्रे हातात धरून उभे होते. मी त्यांचं नाव सांगेन म्हणून उभे होते.

मी म्हटलं, कुक आहे. डच जहाजावर होता, दोन-चार शब्द येतात.

चाचा गेले. दार हळू ओढून घेऊन गेले.

विलेमने मला नावाने मागितलं. माझा इकामा संपायला अजून दीड वर्ष होतं, मला तो वाढवून घ्यायची काही गरज नव्हती, हे इथे लिहून ठेवतो.

मी शांत दिवस निवडला. आभाळ स्वच्छ, पाणी आरशासारखं. चाचा उधाण म्हणाले होते, पण माणसं घेऊन खवळलेल्या समुद्रात कोण जाईल? खाडीत पोचलो तर पाणी गुडघ्याएवढंही चढलं नव्हतं. गवत अर्धं उघडं पडलेलं. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस आम्ही खाडीच्या तोंडाशी थांबलो. विलेमच्या दुर्बिणीला बगळे दिसले. समुद्रगाय एकही नाही. त्याला माझ्यावर पूर्ण भरवसा होता. त्याने नकाशावर त्या खाडीपुढे लिहिलं: नाही. तेलाने संपल्या असाव्यात, असंही लिहिलं. मग माणसं आणि होड्या दुसरीकडे न्यायचं ठरलं. किनाऱ्याचा तो तुकडा समुद्रगायींसाठी राखून ठेवायच्या यादीतून गेला.

चाचांना हे अबू सालेमकडून कळलं. मी मेसमध्ये जेवत होतो. ते समोर येऊन बसले. मला वाटलं होतं की ते नावाबद्दल भांडतील, आणि भांडणाची माझी तयारी होती. कॅम्पची शिस्त, वय, कफील, सगळी उत्तरं जमवलेली होती. ते नावाबद्दल बोललेच नाहीत.

"खयच्या दिवशी गेल्लंस?"

मी सांगितलं. चंद्र अर्धा होता का, त्यांनी विचारलं. असेल, मी म्हटलं.

"तो भांग रे. भांगाक पाणी चढणा नाय, मगे ती भितर कशी येतली?" ते अगदी सावकाश बोलत होते, शिकवावं तसं. "उधाण म्हणजे वादळ नव्हे. पुनवेचा, अवसेचा पाणी. तेव्हा खाडी भरता आणि ती चरूक येतत."

मी भाकरी मोडत राहिलो.

"माझो शब्द घेतलंस, घे. माझी जागा घेतलंस, ती पण घे. पण त्यांका नाय म्हणून कित्या लिवलंस? ती आसत. मी गेल्या पुनवेक बघून इलंय. फाटकी आसा, पोर आसा."

पौर्णिमा होऊन बारा दिवस झाले होते. म्हणजे मी बंदी घातल्यावरही ते गेले होते. एवढा एकच मुद्दा माझ्या हाती लागला आणि मी तोच धरला. ओरडलो. पन्नास पोरांसमोर ओरडलो की कंपनीचा हुकूम मोडून तुम्ही होडीतून फिरता, तुम्ही मला आधी एकदा फसवलंत, त्या गाईच्या वेळी, आता पुन्हा फसवताय. ते ऐकत होते. मग उठले आणि माझ्या पुढ्यातली रिकामी वाटी भरून गेले.

विलेम अजून तीन आठवडे जुबैलमध्ये होता. त्याची खोली माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर होती. पुढची पौर्णिमा त्याच तीन आठवड्यांत येऊन गेली. मला फक्त जाऊन सांगायचं होतं की चुकीच्या दिवशी नेलं, पुन्हा चला. पण पुन्हा चला म्हटलं की तो विचारणार, तुम्हाला आता कसं कळलं? मग कुकचं नाव निघणार, मग यानचं, मग संस्कृतची परंपरा. मी गेलो नाही.

चाचांची एक्झिट लागली, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का. धहरान विमानतळाकडे जाणारी छोटी गाडी कॅम्पच्या फाटकाशी उभी होती. पासपोर्ट माझ्या हातून द्यायचा नियम होता, म्हणून मला जावं लागलं. एक पत्र्याची पेटी, एक दोरीने बांधलेलं ब्लँकेट. मी पासपोर्ट दिला. त्यांनी तो उघडून न बघता खिशात घातला आणि म्हणाले, माझी कोणाबद्दल तक्रार नाही, फक्त साहेब जायच्या आधी त्याला भरतीला एकदा घेऊन जा. मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, भाव सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पाहतं तसं, आणि त्यांना कळलं. गाडी सुटली तेव्हा ते माझ्या बाजूच्या खिडकीशी नव्हते. पलीकडे सरकून बसले होते, काचेला कपाळ लावून. त्या बाजूने रस्ता काही अंतर समुद्राला धरून जातो.

पुढे छापील अहवाल आला. जाड, चकचकीत. त्यात तळटीप आहे: कू आणि गो या शब्दांच्या नात्याकडे श्री. जाधव यांनी लक्ष वेधलं. पाहुण्यांना मी ते पान दाखवत असे. त्याच पानाच्या मागे नकाशा आहे आणि त्या खाडीपुढे 'नाही' आहे. ते पान कोणी उलटू नये म्हणून मी पुस्तक हातातच धरून ठेवत असे.

चाचा वेंगुर्ल्याला वारले, असं मला पाच वर्षांनी कळलं. कोणाला विचारलं नव्हतं. कोणीतरी सहज बोललं.

माझ्या वाटणीचा दोष मी इथे लिहिला आहे आणि त्यात घासाघीस करत नाही. पण सगळाच माझा नाही. विलेमसाहेब, तुमच्या भाषेत तुम्हाला सुप्रभात म्हणणारा माणूस समोर उभा होता. तुम्ही त्याच्याबद्दल मला विचारलंत, त्याला नाही. का? तीन दिवस एका खाडीच्या तोंडाशी बसून 'संपल्या' असं लिहिताना चंद्र बघायचं तुम्हाला का सुचलं नाही? तुम्ही शिकलेले होता, मी नव्हतो. आणि ज्यांनी तो कागद पुढे धरून ती जागा राखायच्या यादीतून काढली, त्यांच्यापैकी कोणी तिथे पुनवेच्या भरतीला एकदा तरी गेलं का? गेलं नसेल तर कोणाच्या शब्दावर गेलं नाही? माझ्या, हे मला माहीत आहे. तरी मला ते त्यांच्या तोंडून, सहीनिशी हवं आहे.